वळूच्या लिंगाजवळची सूज: सुई टोचू नका, आधी लघवी पाहा

प्रश्न सांगोल्याकडच्या एका पशुपालकाचा आहे. त्यांचा खिल्लार वळू साडेचार वर्षांचा. चार दिवसांपूर्वी गाय फळवताना ऐन वेळी गाय खाली बसली आणि वळू वेडावाकडा उतरला. दुसऱ्या दिवशी अंडकोषाच्या पुढे, पोटाखाली वीतभर सूज आली. तिसऱ्या दिवसापासून लिंगाच्या म्यानातून लालभडक मांस बाहेर लोंबते आहे, ते आत जात नाही. गावातल्या एका जाणत्या माणसाने हळद आणि कडू तेल लावले. आता तो म्हणतो, सुजेत सुई घालून पाणी काढू. लघवी होते, पण नेहमीसारखी धार दिसत नाही. वळू वाचेल का, पुन्हा गाई फळवील का, की आताच खच्ची करून टाकावा, असे त्यांनी विचारले आहे. शेजाऱ्याचा बोकड गेल्या महिन्यात असाच कुंथून कुंथून मेला, तो हाच आजार होता का, हीही शंका आहे.

सुई घालू द्यायची नाही, हे पहिले. बाकीचे सगळे त्यानंतर.

तुम्ही जे वर्णन केले आहे त्यावरून मला दोन वेगळ्या गोष्टी दिसतात आणि दुसरी पहिलीमुळे झाली आहे. पुढची सूज म्हणजे बहुधा लिंगाभोवती साचलेला रक्ताचा साका. बाहेर आलेले मांस म्हणजे म्यानाचे आतले अस्तर. वरची सूज मोठी झाली की म्यानातले रक्त आणि पाणी परत फिरायला वाट राहत नाही, अस्तर फुगते आणि खाली सरकते. गीर किंवा साहिवाल वळूचे म्यान मुळातच लांब, लोंबते असते, त्यामुळे त्यांच्यात अस्तर बाहेर येणे, चिरणे, पायाखाली तुडवले जाणे हे नेहमीचे. खिल्लारचे म्यान पोटाला घट्ट चिकटलेले असते. म्हणून खिल्लार वळूचे अस्तर एकाएकी बाहेर आले, तर मी आधी त्याच्या वर, अंडकोषापर्यंत हाताने चाचपतो. दुखणे तिथे असते आणि लोकांचे लक्ष मात्र खाली लोंबणाऱ्या लाल मांसावर.

हा साका होतो कसा, ते समजले तर सुई का नको तेही समजेल. वळूचे लिंग घोड्यासारखे रक्ताने फुगून फारसे वाढत नाही. ते आधीच टणक असते आणि अंडकोषाच्या मागे त्याला दुहेरी वळण असते. उत्तेजित झाल्यावर ते वळण सरळ होते आणि लिंग बाहेर येते. त्या क्षणी आतल्या पोकळीतला रक्तदाब प्रचंड वाढतो. नेमक्या त्याच वेळी गाय बसली, घसरली किंवा वळूचा झटका गाईच्या मांडीवर बसला, तर लिंग वाकते आणि त्याच्यावरचे पांढरे, जाड, चिवट वेष्टण फाटते. फाटण्याची जागाही जवळजवळ ठरलेली असते. त्या वळणाच्या पुढच्या भागात, लिंगाच्या वरच्या बाजूला. तिथून रक्त भसकन बाहेरच्या पेशींमध्ये शिरते आणि अंडकोषाच्या लगेच पुढे सूज दिसते. म्हणजे तिथे पाणीही नाही आणि पूही नाही. आहे ते गोठत चाललेले रक्त, आणि ते निर्जंतुक आहे. गोठलेले रक्त जंतूंना वाढायला फार सोयीचे. गोठ्यातल्या सुईने एक भोक पाडले की चार-आठ दिवसांत त्याचा मोठा गळू होतो. साध्या साक्याचा वळू सुधारू शकतो. गळू झालेल्याचे लिंग आजूबाजूला चिकटून बसते आणि मग ते पुन्हा बाहेर येत नाही.

मात्र मी 'बहुधा' म्हणालो, कारण याच जागी सूज आणणारा दुसरा आजार आहे आणि तो जिवावर बेततो. मूत्रमार्गात खडा अडकून मार्ग फुटला, तर लघवी कातडीखाली पसरते. म्हणून लघवीची खात्री करायचीच. साका झालेल्या वळूला लघवी सहसा नीट होते. तुमच्या वळूचे अस्तर सुजून तोंड अरुंद झाले आहे, त्यामुळे धार न दिसता लघवी ठिबकत असण्याची शक्यता आहे. पण अंदाजावर राहू नका. त्याच्याखाली कोरडी माती किंवा भुसा पसरा, दोन-तीन तास कोणीतरी समोर बसून राहा, आणि किती जागा भिजते ते बघा. जनावर शेपटी वरखाली करत कुंथत असेल, मागचे पाय झाडत असेल, पोटाकडे वळून पाहत असेल, म्यानाच्या केसांवर वाळूसारखे पांढरे कण दिसत असतील, तर ती अडलेली लघवी समजा. सुजेतही फरक असतो. साका टणक, बऱ्यापैकी गोल आणि एका जागी असतो. लघवी पसरलेली सूज पोटाखाली म्यानाच्या तोंडापर्यंत जाते, बोटाने दाबले की खळगा राहतो आणि पुढे कातडी थंड, काळपट पडते. अशा जनावराचे खाणे, रवंथ सुटते. साका झालेला वळू दोन-तीन दिवसांत बऱ्यापैकी वैरण खाऊ लागतो. शंका असेल तर डॉक्टर सोनोग्राफी करून रक्त आहे की लघवी हे सांगू शकतात.

डॉक्टर येईपर्यंत तुम्ही करायचे ते बाहेर आलेल्या अस्तराचे. हे काम आज रात्रीच सुरू करा, कारण ते पातळ अस्तर हवेत वाळते, चिरते, आणि एकदा आत दाट व्रण धरला की म्यान कायमचे अरुंद होते. लावलेली हळद आणि तेल स्वच्छ गार पाण्याच्या हलक्या धारेने धुवून काढा. दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून दोनदा नुसती धार धरली तरी सूज उतरायला मदत होते. नंतर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात इतके पातळ करा की रंग फिक्या चहासारखा दिसेल, आणि त्याने धुवा. जास्त तीव्र केले तर फायदा नाही, उलट अस्तर भाजते. फिनाईल, टर्पेंटाइन, रॉकेल, चुना यांतले काहीही लावायचे नाही. पावसाळ्यात माश्या बसून अळ्या पडतात म्हणून लोक टर्पेंटाइनचा बोळा घालतात. खुराच्या किंवा खांद्याच्या जखमेत ते वापरलेले असते, म्हणून इथेही चालेल असे वाटते. इथले अस्तर ओठाच्या आतल्या बाजूइतके नाजूक आहे. अळ्या असतील तर त्या चिमट्याने काढाव्या लागतात आणि औषध डॉक्टरच देतील.

धुतल्यावर सुजलेल्या अस्तरावर बारीक साखर किंवा मॅग्नेशियम सल्फेटचे दाट पाणी कापसाने वीस मिनिटे धरून ठेवा. ते आतले पाणी शोषून घेते. मग साधे अँटिसेप्टिक मलम भरपूर चोपडा आणि हलक्या हाताने, कडेकडेने अस्तर आत सरकवून पाहा. गेले तर उत्तम. गेले नाही तर जोर लावू नका. मलम लावून स्वच्छ सुती कापड ओले करून गुंडाळा. धोतराच्या रुंद पट्टीची झोळी करून म्यान पोटाला वर धरून ठेवा, पट्टी पाठीवर बांधा आणि लघवीसाठी पुढे मोकळी जागा ठेवा. नुसत्या लोंबण्यामुळे खाली साचणारी सूज झोळीने निम्म्याने उतरलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. दोरीने किंवा रबराने मात्र बांधू नका. आत गेलेले पुन्हा बाहेर येऊ नये म्हणून गावात सुतळी बांधतात, आणि मग सुतळीच्या पुढचा भाग काळा पडून कुजतो. डॉक्टर यासाठी आत रबरी नळी ठेवून त्यावर पट्टी गुंडाळतात किंवा तोंडाभोवती सैल टाका घेतात. लघवी नळीतून वाहत राहते.

वळूला गाईंपासून दूर बांधा. नुसते 'गाईवर सोडणार नाही' एवढे पुरत नाही. माजावर आलेली गाय दिसली, वास आला, तरी लिंग ताठते आणि फाटलेले वेष्टण पुन्हा उघडते. मळ्याच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याची दिशा बघून बांधा.

आता डॉक्टरांच्या बाजूचे. हा निर्णय लवकर घ्यावा लागतो, म्हणून तुम्हालाही माहीत असावा. साका लहान असेल तर विश्रांती, आठवडा ते दहा दिवस प्रतिजैविक, सूज-वेदना कमी करणारे औषध, धनुर्वाताची लस, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर गारऐवजी कोमट पाण्याची धार, एवढ्यावर पुष्कळ वळू सुधारतात. साधारणपणे निम्मे पुन्हा कामाला लागतात असे धरा. सूज वीतभर किंवा त्याहून मोठी असेल आणि वळू मोलाचा असेल, तर शस्त्रक्रिया करून गोठलेले रक्त काढणे आणि फाटलेले वेष्टण शिवणे जास्त खात्रीचे. ती करायची तर दुखापतीनंतर साधारण तिसऱ्या ते दहाव्या दिवसात. त्याआधी रक्तस्राव पुरता थांबलेला नसतो, त्यानंतर साका व्रणात बदलून आजूबाजूला चिकटतो. तुमचे चार दिवस गेले आहेत. म्हणून उद्याच हलवा. तालुक्याच्या लघुपशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात दाखवून, शस्त्रक्रिया ठरली तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायला हरकत नाही. गाडीत खाली भरपूर पाचट टाका. घसरून पडला तर केलेले सगळे वाया.

वेदनाशामकाविषयी थोडे विषयांतर करतो. मेलॉक्सिकॅम लिहून देतील ते घ्या. कोणी मेडिकलमधून माणसांचे डायक्लोफिनॅक आणून टोचू लागला तर थांबवा. जनावरांसाठी ते 2006 पासून बंद आहे, आणि केटोप्रोफेन व असेक्लोफिनॅक 2023 पासून. ही औषधे टोचलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले तर गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. आपल्याकडची गिधाडे डायक्लोफिनॅकनेच संपत आली.

तपासणीसाठी लिंग पूर्ण बाहेर काढून बघावे लागते. त्यासाठी डॉक्टर भूल किंवा नस बधिर करण्याचे इंजेक्शन देतात. गाय-बैलांना झायलाझिन हे गुंगीचे औषध घोड्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतक्या मात्रेतच लागू पडते. त्यामुळे 'थोडे गुंगीचे द्या' असे म्हणून कोणा अर्धवट शिकलेल्याकडून ते घेऊ नका.

पुन्हा गाई फळवील का? याचे उत्तर तीन महिन्यांनी मिळेल, आज कोणी खात्री देत असेल तर ती खोटी. किमान 60 ते 90 दिवस पूर्ण विश्रांती. त्यानंतर डॉक्टरांसमोर माजावरची गाय दाखवून लिंग पूर्ण बाहेर येते का, सरळ राहते का, गाईच्या योनीचा स्पर्श समजतो का, हे बघायचे. कधीकधी फाटताना लिंगाच्या वरून जाणारी नस दुखावते. मग वळू चढतो, लिंग बाहेर काढतो, पण त्याला स्पर्शच कळत नाही आणि तो नुसता धडपडत राहतो. कधी आतल्या पोकळीतून बाहेरच्या शिरांत वाट पडलेली असते आणि ताठपणा टिकत नाही. हे दोन्ही दिसले तर त्याला वळू म्हणून ठेवण्यात अर्थ नाही. सगळे नीट असेल तरी वीर्य तपासूनच सोडा. वळूमध्ये शुक्राणू तयार व्हायला साधारण दोन महिने लागतात, वर आठ-दहा दिवस ते वृषणाला लागून असलेल्या नळीत पक्व होतात. ताप आला, पोटाखाली दाह झाला, की वृषणाचे तापमान वाढते. वृषण शरीरापेक्षा चार-पाच अंशांनी थंड राहावे लागतात, म्हणून तर ते बाहेर आहेत. आज बिघडलेले वीर्य दोन-अडीच महिन्यांनंतरच सुधारलेले दिसते. 2022 च्या लम्पी साथीनंतर पुष्कळांनी तक्रार केली की वळू बरा झाला, खातो-पितो, पण गाई उलटताहेत, म्हणजे गाभ न धरता पुन्हा माजावर येताहेत. त्यामागे हेच कारण होते. काहींच्या वृषणांना कायमची इजाही झाली होती.

खच्ची करण्याचा विचार आत्ता सोडून द्या. सुजेत आणि दाहात खच्चीकरण केले तर जखम चिघळते, आणि फाटलेले वेष्टण त्याने सांधत नाही. तीन महिन्यांनी तो वळू म्हणून चालणार नाही असे ठरले, तर मोठ्या जनावराचे खच्चीकरण जागा बधिर करूनच करून घ्या. कातडी न कापता दाबणाऱ्या बर्डिझोच्या चिमट्याने करताना प्रत्येक बाजूची वृषणाकडे जाणारी शीर वेगळी, थोडी वरखाली दाबायची असते, मधल्या भागावर सरळ चिमटा लावायचा नसतो, नाहीतर अंडकोषाची कातडीच मरते. दगड-दांड्याने चेचण्याची जुनी रीत मी कुठे पाहिली तर थांबवतो. ते जनावर आयुष्यभर माणसाच्या हाताला घाबरते. बैलगाडा शर्यतींना 2023 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्यता कायम ठेवल्यापासून खिल्लार खोंड न खच्ची करता ठेवण्याचे प्रमाण आमच्या भागात वाढले आहे. त्यामुळे असल्या दुखापती आणि एकमेकांना मारलेल्या शिंगांच्या जखमा जास्त येतात. खोंड वेगळे बांधा, एवढेच सांगता येते.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण गावच्या वळूसाठी ती फार महत्त्वाची आहे. त्याचे वृषण कधी सुजले, एक बाजू दुसरीपेक्षा मोठी, गरम आणि दुखरी झाली, तर मार लागला असेल म्हणून सोडून देऊ नका. ब्रुसेला हा जंतू त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. तोच गाईंत सात-आठ महिन्यांचा गाभ टाकायला लावतो आणि माणसाला महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी, कधी वृषणदाह देतो. अशा वळूला हाताळताना हातमोजे घाला, रक्त तपासून घ्या, आणि निकाल येईपर्यंत एकही गाय फळवू नका. सरकारी कार्यक्रमात ब्रुसेलाची लस 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींनाच देतात. गोऱ्ह्यांना ती का देत नाहीत असे लोक विचारतात. कारण त्या जिवंत लशीनेच नराच्या वृषणाला दाह होऊ शकतो. शिवाय ट्रायकोमोनास, कॅम्पिलोबॅक्टर असे जंतू वळूच्या म्यानाच्या सुरकुत्यांत वर्षानुवर्षे राहतात. वळूला काही होत नाही, गाई मात्र उलटत राहतात आणि दोष गाईवर जातो. गोठित वीर्य तयार करणाऱ्या केंद्रांत वळूंच्या या तपासण्या ठरावीक काळाने होतात. गावात पन्नास घरांच्या गाई फळवणाऱ्या वळूची एकदाही होत नाही. तीन महिन्यांनी वीर्य तपासाल तेव्हा म्यान धुवून ते पाणीही तपासायला द्या.

शेजाऱ्याचा बोकड मात्र तुमच्या वळूच्या आजाराने मेला नाही. त्याला मुतखडा होता असे मला जवळजवळ नक्की वाटते. बकरी ईदसाठी पोसलेले बोकड याच आजाराने मरतात. मका, गहू, कोंडा भरपूर आणि चारा-पाणी कमी. कोंड्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी, त्यामुळे लघवीत खडे तयार होतात. बोकडाच्या लिंगाच्या टोकाला एक बारीक लोंबती नळी असते, पहिला खडा बहुतेक वेळा तिथेच अडकतो. लहानपणीच खच्ची केलेल्या बोकडाचा मूत्रमार्ग पुरता रुंद झालेला नसतो, त्याला धोका अधिक. तो कुंथतो, लोकांना वाटते बद्धकोष्ठ झाले, एरंडेल पाजतात आणि दोन दिवस हातचे जातात. मग एकाएकी बोकड शांत होतो. बरा वाटला म्हणून घरचे निर्धास्त होतात, आणि खरे तर मूत्राशय फुटलेले असते. दोन्ही बाजूंनी पोट खाली फुगत जाते आणि एक-दोन दिवसांत तो जातो.

पहिल्या काही तासांत आणला तर ती टोकाची नळी कापली की कधीकधी तिथेच धार सुटते. त्याने बोकडाचे काही बिघडत नाही. खडा आत असेल तर जागा बधिर करून पोटाच्या भिंतीतून मूत्राशयात नळी बसवतात, लघवी तिथून वाहते, सोबत अमोनियम क्लोराईड तोंडाने देऊन खडे विरघळवायचे. आठ-दहा दिवसांनी बहुतेकांना नेहमीच्या वाटेने लघवी सुरू होते. वाट अडलेली असताना लघवी वाढवणारे इंजेक्शन देणे म्हणजे मूत्राशय फोडणे, हे शेजाऱ्यांना मुद्दाम सांगा. उरलेल्या बोकडांच्या खुराकात कॅल्शियम फॉस्फरसच्या किमान दुप्पट राहील असे मिश्रण डॉक्टरांकडून ठरवून घ्या, मीठ द्या, आणि थंडीत पाणी गार लागते म्हणून ते कमी पितात तेव्हा कोमट करून समोर ठेवा.

उद्या वळूला नेताना डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी आजच कागदावर लिहून ठेवा. गाय बसली तो दिवस, सूज पहिल्यांदा दिसली ती वेळ, आतापर्यंत लावलेले आणि टोचलेले सगळे, मग ते कोणी का लावलेले असेना. शेवटची लघवी केव्हा आणि किती. गेल्या सहा महिन्यांत त्याने फळवलेल्या गाईंपैकी किती उलटल्या, कोणी गाभ टाकला का. हे लाजून लपवू नका, घरातल्या बायांसमोर बोलायचे नसेल तर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा. गाडी मिळायला उशीर होणार असेल तर आत्ताच 1962 वर फोन करून फिरत्या दवाखान्याला बोलवा, आणि ते येईपर्यंत दर चार तासांनी अस्तर ओले ठेवा.